मान वळते, डोळे मिटतात: मोठेपणी येणारा डिस्टोनिया आणि घराण्यातला धोका (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. माझ्या बाबांची मान बावन्नाव्या वर्षी डावीकडे वळू लागली. त्याच्या सहा-सात वर्षं आधीपासून आत्याचे डोळे आपोआप मिटत होते. पण भावा-बहिणीच्या या दोन दुखण्यांचं मूळ एकच असू शकतं, हे आमच्या घरात कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. बाबांवर साडेतीन वर्षं मणक्याचा आजार म्हणून उपचार झाले. गळ्याला पट्टा, वजन लावून मान ताणणं, पिशवीभर गोळ्या. शेवटी नागपुरात एका मेंदूविकारतज्ज्ञांनी बाबांना दारातून आत येताना पाहिलं आणि खुर्चीत बसायच्या आधीच आजाराचं नाव सांगितलं: डिस्टोनिया. तेव्हापासून नात्यातले, गावातले, विद्यार्थ्यांचे आईवडील मला जे विचारतात ते इथे एकत्र लिहिलं आहे. मी डॉक्टर नाही, उपचार ठरवायचे ते डॉक्टरांनीच. पण अनुवंश हा माझा रोजचा विषय आहे, आणि या आजाराची भीती पसरते ती अनुवंशाच्याच नावाने.

हा लकवा आहे का?

नाही. लकव्यात मेंदूचा हुकूम स्नायूपर्यंत पोचत नाही, म्हणून हात-पाय लुळा पडतो. डिस्टोनियात उलट होतं: नको तेवढे हुकूम जातात. मान वळवणारे स्नायू आणि तिला आवरणारे स्नायू एकाच वेळी ताणले जातात. एका जुवाला जुंपलेला एक बैल धुऱ्याकडे ओढतो आणि दुसरा तासाकडे, मग नांगर जसा वाकडातिकडा जाईल तसं. मान फिरते, कलते, कधी थरथरते, आणि हे माणूस मुद्दाम करत नाही.

लहानपणी सुरू होणारा डिस्टोनिया बऱ्याचदा पायापासून निघून अंगभर पसरतो. मोठेपणी येणारा सहसा एकाच जागी राहतो, फार तर शेजारच्या भागात सरकतो. कुणाची मान, कुणाच्या पापण्या, कुणाचा जबडा, कुणाचा आवाज, कुणाचा फक्त लिहितानाचा हात. मानेचा आणि डोळ्यांचा प्रकार बहुधा चाळिशी ते साठीत दिसू लागतो आणि बायकांमध्ये जास्त आढळतो.

एक गोष्ट नीट सांगते, कारण तिच्यामुळे बाबांना फार बोलणी खावी लागली. हनुवटीला नुसतं बोट टेकवलं की त्यांची मान सरळ येते. दाबायचं नाही, ढकलायचं नाही, फक्त टेकवायचं. वावरात ते शेल्याचं टोक गालाला लागेल असं बांधतात, त्यानेही थोडा वेळ भागतं. लोक म्हणायचे, "बोट लावलं का सरळ होते, म्हंजे हे नाटकच हाये." आत्याचंही तसंच. तांदूळ निवडताना डोळे मिटले की ती मोठ्याने बोलायला लागते किंवा ओवी गुणगुणते, आणि पापण्या उघडतात. नाटक तर नाहीच, उलट ही या आजाराची खूण आहे. अशी स्पर्शाची युक्ती पेशंटला स्वतःलाच कधीतरी सापडलेली असते, आणि जाणकार डॉक्टर ती आवर्जून विचारतात.

"बाबाले झालं, मंग मले बी होईन का?"

बहुधा नाही. हा प्रश्न मीही स्वतःला विचारलेला आहे. केस विंचरताना आरशात मान सरळ आहे ना, हे बघण्यात माझं एक आख्खं वर्ष गेलं.

मोठेपणी एकाच जागी सुरू झालेल्या डिस्टोनियाचे रुग्ण घेतले, तर त्यांच्यापैकी साधारण १० ते २५ टक्क्यांच्या घरात आणखी कुणाला तरी तसा त्रास सापडतो. बाकीच्यांच्या घरात दुसरं कुणी नसतं. नातेवाइकांना नुसतं विचारण्याऐवजी प्रत्यक्ष तपासलं की आकडा वरच्या बाजूला सरकतो, कारण हलकी लक्षणं असलेल्यांना स्वतःलाच ती माहीत नसतात. आमच्याकडे आत्याचं असंच झालं. तिने चष्मा तीनदा बदलला, पण हा आजार आहे असं तिला कधी वाटलंच नाही.

आता फळ्यावर मांडते तसं मांडते. कुटुंबांच्या अभ्यासावरून काढलेला जुना अंदाज असा, की अशा घराण्यांत धोका देणारं एखादं जनुक असेल तर ते आईवडिलांपैकी एकाकडून मुलाकडे जाण्याची शक्यता ५० टक्के. पण ते मिळालेल्यांपैकीही आजार दिसतो तो जेमतेम १२ ते १५ टक्क्यांत. गुणाकार करा: शंभरात सहा-सात. जगभरच्या अभ्यासांची गोळाबेरीज केली तर कुठल्याही उघड कारणाशिवाय होणारा डिस्टोनिया लाखात साधारण १६ जणांना असतो. त्या मानाने आपला धोका वाढलेला आहे हे खरं. तरी शंभर मुलांपैकी नव्वदाहून जास्त मुलांना काही होत नाही, हेही तितकंच खरं.

आणखी एक. वारसा आला तरी त्याच रूपात येईल असं नाही. वडिलांची मान, तर मुलाचा लिहिण्याचा हात, मुलीच्या पापण्या, पुतण्याच्या हाताला नुसता कंप, असंही दिसतं. म्हणून "आमच्याकडे मान वळलेलं दुसरं कुणी नाही" एवढ्यावर थांबू नका.

सिकलसेलसारखी तपासणी करून कार्ड मिळतं का?

सिकलसेल हा आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार विदर्भात बराच आढळतो, त्यामुळे हा प्रश्न येणारच. आपल्याकडे आश्रमशाळेतल्या पोरालाही एएस (वाहक) आणि एसएस (आजारी) म्हणजे काय ते ठाऊक असतं. सिकलसेलच्या शिबिरांनी आपल्या माणसांना अनुवंशाचा एक नियम पक्का शिकवला, आणि मला त्याचं फार मोल वाटतं. अडचण एवढीच, की तो एकच नियम आपण सगळ्या आजारांना लावतो.

सिकलसेलमध्ये जनुक एक, त्यातला बदल एक, तपासणी एक. आई आणि बाप दोघांकडून बदल आला तरच आजार. दोघं एएस असतील तर प्रत्येक बाळाला एसएस होण्याची शक्यता २५ टक्के, एएस होण्याची ५० टक्के, अगदी निरोगी असण्याची २५ टक्के. हिशेब सरळ आहे.

मोठेपणीच्या डिस्टोनियात यातलं काहीच तसं नाही. जनुकं अनेक, प्रत्येक जनुकात बदल अनेक. बहुतेक बदल एकाच बाजूने आले तरी पुरतात, दोन्हीकडून यावे लागत नाहीत. आणि बदल असूनही माणूस ऐंशी वर्षं ठणठणीत जगू शकतो. एवढं करून, ज्यांना आजार आहे अशा बहुतेक प्रौढ रुग्णांचं रक्त तपासलं तर माहीत असलेल्या जनुकांत काहीही सापडत नाही. अशा आजाराचं कार्ड काढणार कसं? त्यावर लिहायचं काय?

मग जनुकं सापडली तरी कोणती?

वर्गात सांगते तशी गोष्ट सांगते. १९९७ साली नवव्या गुणसूत्रावर टॉर-वन-ए नावाच्या जनुकातला बदल सापडला. डीएनएची फक्त तीन अक्षरं गळालेली, त्यामुळे प्रथिनातलं एक ग्लुटामिक आम्ल कमी. माझी बारावीची मुलं इथे लगेच कान टवकारतात, कारण सिकलसेलमध्येही ग्लुटामिक आम्लाचीच कथा आहे. तिथे त्याच्या जागी व्हॅलिन येतं, इथे ते नाहीसंच होतं. पण टॉर-वन-एचा डिस्टोनिया बहुतेक वेळा बालपणी, हातापायांत सुरू होतो. या जनुकात बदल असलेल्या माणसाला साधारण २६-२८ वर्षांपर्यंत लक्षण आलं नाही, तर पुढे सहसा येत नाही. म्हणजे पन्नाशीत मान वळलेल्या माणसाच्या बाबतीत पहिला संशय याच्यावर घेण्याचं कारण नाही.

२००९ मध्ये थॅप-वन सापडलं, तेही अमेरिकेतल्या आमिश-मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या कुटुंबांत. हे किशोरवयात किंवा त्यानंतर हात, मान, चेहरा आणि आवाज धरतं. बदल असलेल्यांपैकी साधारण ६० टक्के लोकांत आजार दिसतो.

मोठेपणच्या मानेच्या डिस्टोनियाशी खरं नातं सांगणारी जनुकं त्यानंतर हाती आली. २०१२ मध्ये ॲनो-थ्री. यात मानेबरोबर डोक्याचा किंवा हाताचा कंप ठळक असतो, इतका की बरीच वर्षं तो नुसता कंपाचा आजार समजला जातो. लगेच २०१३ मध्ये जीनॅल. हे जनुक मेंदूच्या खोल भागात, हालचालींचा तोल सांभाळणाऱ्या केंद्रकांत, डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचा निरोप पेशीच्या आत पोचवणाऱ्या प्रथिनाचं आहे. त्याचा डिस्टोनिया बहुधा तिशीच्या आसपास, मानेपासून सुरू होतो. मला जीनॅल समजून घेताना पहिल्यांदा उलगडा झाला, की बिघाड मानेत नाहीच. मानेचा एक्स-रे, एमआरआय, सगळं बाबांचं साफ यायचं आणि आम्ही चक्रावून जायचो. निरोप चुकतो तो मेंदूतल्या खोल वाटांवर, आणि त्या वाटा फोटोत दिसत नाहीत.

फिलिपिन्समधल्या पनाय बेटावर आणखी एक प्रकार आहे. तो एक्स गुणसूत्रावरून येतो आणि तिथल्या पुरुषांना चाळिशीच्या सुमारास गाठतो. त्याचं मूळ त्या बेटावरच्या घराण्यांत आहे. मोबाइलवर त्याचे व्हिडिओ पाहून घाबरलेले दोघं माझ्याकडे आले होते, म्हणून एवढं लिहिलं.

ही सगळी जनुकं मिळूनही मोठेपणीच्या डिस्टोनियाचा छोटा भागच समजतो. बाकीच्यांत बहुधा अनेक जनुकांचे बारीक बारीक धक्के आणि आयुष्यात घडलेलं काहीतरी, असं मिळून होत असावं. मोठ्या संख्येने रुग्ण घेऊन अशा बारीक धक्क्यांचा शोध झाला, पण पुन्हा पुन्हा तपासून टिकलेलं असं फार थोडं हाती आलं.

बदल अंगात असून आजार होत नाही, असं कसं?

बियाणं एकाच पिशवीतलं असतं, तरी धुऱ्याकडची पऱ्हाटी वेगळी आणि मधली वेगळी. हे उदाहरण अर्धंच लागू पडतं, पण सुरुवातीला बरं.

टॉर-वन-एचा बदल असलेल्या शंभर जणांपैकी आजार दिसतो फक्त तिसांना. उरलेले सत्तर तो बदल पुढच्या पिढीला देऊ शकतात, स्वतः मात्र निरोगी. म्हणूनच आजोबांना, मग मधे कुणालाच नाही, आणि एकदम नातवाला, असं होतं, आणि लोक म्हणतात "एक पिढी सोडून येते". पिढी सोडायचा असा नियम नाही. मधल्या माणसात तो लपून राहिला इतकंच. त्यामागचं एक कारण माहीत झालं आहे आणि ते मला विलक्षण वाटतं. प्रत्येकाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात. बिघडलेली प्रत एका पालकाकडून आली असेल, तर दुसऱ्या पालकाकडून आलेल्या चांगल्या प्रतीतला एक छोटासा, एरवी निरुपद्रवी फरक आजार होण्याची शक्यता बरीच कमी करतो.

दुसरा धागा असा. प्रौढांच्या डिस्टोनियात काही निरोगी भावंडांची आणि मुलांची एक चाचणी घेतली गेली: दोन दिवे एकामागोमाग एक लागतात, ते दोन वेगळे दिवे म्हणून केव्हा ओळखता येतात? रुग्णांना त्यासाठी दोन्हींमध्ये जास्त वेळ लागतो, आणि काही निरोगी नातेवाइकांनाही लागतो. म्हणजे मेंदूतली खूण अंगात आहे, आजार नाही. ही चाचणी संशोधनापुरती आहे, ती मागत फिरू नका.

आमचं लग्न नात्यात झालं. मामाची पोरगी केली. त्याच्यानं झालं का?

वर सांगितलेल्या जनुकांचा बदल एका बाजूने आला तरी पुरतो, त्यामुळे नात्यातल्या लग्नाचा त्यात विशेष हात नसतो. स्वतःला दोष देऊ नका.

पण नात्यात लग्न झालेलं असेल आणि डिस्टोनिया लहान वयात किंवा तिशी-चाळिशीच्या आत आला असेल, तर एका आजाराचं नाव डॉक्टरांपुढे तुम्ही स्वतः काढा: विल्सन. यात शरीराबाहेर जायला हवं ते तांबं यकृतात आणि मेंदूत साठत जातं. याचा हिशेब मात्र थेट सिकलसेलसारखा, दोन्हीकडून बदल आला तर आजार, आणि एका मुलाला झाला तर त्याच्या प्रत्येक भावंडाला २५ टक्के शक्यता. सुरुवातीला आधी काविळीसारखी यकृताची तक्रार, बोलणं अडखळणं, अक्षर बिघडणं, लाळ गळणं, स्वभाव बदलणं, यातलं काहीही असू शकतं. रक्तातलं सेरुलोप्लाझमिन, २४ तासांच्या लघवीतलं तांबं आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे बुबुळाभोवतीच्या कड्याची तपासणी यांवरून तो ओळखता येतो. तांबं बाहेर काढणारी औषधं आणि जस्ताच्या गोळ्या वेळेवर सुरू झाल्या तर माणूस सावरतो, आणि लक्षणं नसलेल्या भावंडाला आधीच औषध देऊन आजारापासून वाचवता येतं. या एका प्रश्नात तपासणी टाळणं मला अक्षम्य वाटतं.

आणखी कोणता प्रकार गोळीने बरा होतो?

जीसीएच-वन जनुकाचा. याचा शोध १९९४ सालचा. यात शरीरात डोपामिन कमी तयार होतं. बहुतेक वेळा बालपणी पायात सुरू होतो, सकाळी बरा आणि संध्याकाळी वाढलेला. मुलींत आणि बायकांत जास्त दिसतो. पण त्याच घरातल्या मोठ्या माणसात तो हाताच्या डिस्टोनियासारखा किंवा कंपवातासारखाही समोर येतो. लेव्होडोपाच्या (शरीरात ज्याचं डोपामिन बनतं त्या औषधाच्या) छोट्या डोसाने असा माणूस नीट चालू लागतो, आणि तो फायदा वर्षानुवर्षं टिकतो. म्हणून तरुण रुग्णाला काही दिवस लेव्होडोपा देऊन बघण्याची पद्धत आहे. ते डॉक्टरांच्या हातून.

जनुकाची तपासणी करून घ्यावी का? कुठे?

माझं मत सांगते, डॉक्टरांचं वेगळं असू शकतं. पन्नाशीत फक्त मान किंवा फक्त डोळे, घरात दुसरं कुणी नाही: नको. पैसे इंजेक्शनांसाठी ठेवा. तिशीच्या आत सुरुवात, अंगाच्या एकाहून जास्त भागांत पसरलेला, घरात दोन-तीन जणांना, किंवा डिस्टोनियाबरोबर चालताना तोल जाणं, विसरणं, बोलणं बिघडणं असं आणखी काही: तर विचार जरूर करा. शेवटच्या गटात हंटिंग्टन किंवा अटॅक्सियाच्या जातीचे, मेंदू हळूहळू झिजवणारे आजारही असू शकतात, आणि त्यांचा अनुवंश कितीतरी कडक असतो.

सुरुवात न्यूरॉलॉजीच्या ओपीडीतून. नागपूरला सरकारी मेडिकल कॉलेजचं सुपर स्पेशालिटी रुग्णालय आहे, मिहानमध्ये एम्स आहे. ओपीडीचा वार आधी विचारून निघा. यवतमाळ-गडचिरोलीकडून पहाटेची एसटी धरून जायचं आणि "आज डॉक्टर नाहीत" ऐकून परतायचं, हे आम्ही दोनदा केलं. जनुकाच्या चाचण्या बेंगळुरूच्या निम्हान्ससारख्या संस्था, हैदराबादचं सीडीएफडी हे डीएनए तपासणीचं सरकारी केंद्र आणि खासगी प्रयोगशाळा करतात. बहुतेकदा रक्ताचा नमुना पाठवला की भागतं, माणसाला जावं लागत नाही. पहिलं रक्त आजारी माणसाचं तपासा, निरोगी मुलाचं नव्हे. बाबांत काही सापडलंच नाही, तर मुलाच्या निर्दोष रिपोर्टला काय अर्थ?

रिपोर्टात तिसरं एक उत्तर येऊ शकतं: "बदल आहे, पण त्याचा अर्थ निश्चित नाही." याने लोक सर्वांत जास्त घाबरतात. जगातले मोठे जनुकसंग्रह बरीच वर्षं मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांचे होते, त्यामुळे आपल्याकडे साधारण असलेला फरकही तिथे दुर्मिळ दिसतो आणि संशयित ठरतो. जीनोम इंडिया प्रकल्पात १०,००० भारतीयांच्या जनुकसंचाचं वाचन झालं आणि जानेवारी २०२५ मध्ये ती माहिती संशोधकांसाठी खुली झाली, त्याने ही अडचण हळूहळू कमी होईल. तोवर अशा अनिश्चित रिपोर्टवरून कुणाच्याही आयुष्याचा निर्णय घेऊ नका. रिपोर्ट जपून ठेवा, दोन-तीन वर्षांनी डॉक्टरांना पुन्हा बघायला सांगा.

पोरीची सोयरीक जुळून राहिली. समोरच्यायले सांगाव का?

माझ्या आतेबहिणीची जुळलेली सोयरीक मोडली. मधल्या माणसाने निरोप आणला: "त्यायच्या घराण्यात माना वाकड्या होतात." ती तेव्हा तेवीस वर्षांची होती, तिला कसलाही त्रास नव्हता, आजही नाही. त्या दिवशी आत्या चुलीपुढे बसली होती आणि तिचे डोळे उघडत नव्हते. रडण्यामुळे की आजारामुळे, मला कळलं नाही.

लग्नाआधी सिकलसेलचा रिपोर्ट दोघांनीही बघावा असं मी प्रत्येकाला सांगते, कारण तिथे दोन वाहक एकत्र आले तर बाळाला धोका आहे आणि तो आधी कळू शकतो. डिस्टोनियात समोरच्या घराशी जोडी जुळण्या-न जुळण्याचा प्रश्नच नाही. धोका थोडा, वय उतरतं, आजार जीव घेणारा नाही. लपवा असं मी म्हणत नाही. कुणी विचारलं तर खरं सांगा, सोबत वरचा आकडाही सांगा. शंभरात सहा-सात. मधुमेह आणि बीपी घराण्यात असताना आपण सोयरीक मोडत नाही.

जनुक नसेल तर मग कशानं? फवारणीनं?

२०१७ च्या पावसाळ्यात आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजूर दगावले, तेव्हापासून प्रत्येक दुखण्यात फवारणीचा संशय येणं स्वाभाविक आहे. कीटकनाशकांचा संबंध पार्किन्सनशी जोडणारे अभ्यास बरेच आहेत. मोठेपणी एकाच जागी येणाऱ्या डिस्टोनियाशी तसा पक्का संबंध दाखवलेला नाही. तोंडाला फडकं, हातमोजे आणि वाऱ्याची दिशा सांभाळाच, पण बाबांच्या मानेचा दोष पंपावर टाकता येत नाही.

जे दिसून आलं आहे ते असं: पापण्यांच्या प्रकाराआधी अनेकांना डोळे कोरडे पडणं, चुरचुरणं, असा त्रास असतो. लिहिण्याच्या हाताचा प्रकार रोज तासन्‌तास लिहिणाऱ्यांत जास्त. एकच बारीक हालचाल हजारो वेळा करणाऱ्या वादकांतही दिसतो. प्रत्येक लिहिणाऱ्याला होत नाही, म्हणजे आधी कुठेतरी कल असतो आणि त्यावर हे घडतं.

औषधामुळेही मान वळते, असं ऐकलं. खरं का?

अगदी खरं. माझ्या भाचीला उलट्या होत होत्या म्हणून एका दवाखान्यात मेटोक्लोप्रमाइडचं इंजेक्शन दिलं. संध्याकाळी तिची मान मागे ताणली, डोळे वर गेले, जीभ बाहेर. घरी लिंबू-मिरची उतरवायची तयारी सुरू झाली. मी तिला उचलून ग्रामीण रुग्णालयात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी उतारा म्हणून दुसरं इंजेक्शन दिलं आणि अर्ध्या तासात पोरगी पाणी मागायला लागली. हा औषधाचा तात्पुरता परिणाम, तरुणांत जास्त दिसतो.

दुसरा प्रकार सावकाश येतो. मानसिक आजारावरची हॅलोपेरिडॉलसारखी औषधं किंवा उलटीची-पोटाची काही औषधं महिनोन्‌महिने घेतल्यावर डिस्टोनिया सुरू होतो आणि औषध थांबवलं तरी राहू शकतो. म्हणून डॉक्टरांकडे जाताना मागच्या काही वर्षांतली सगळी पाकिटं न्या. पण मानसिक आजाराची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. ती आधी लिहून देणाऱ्यांना विचारा.

हे करणीचं किंवा बाहेरचं आहे का?

नाही.

जनुक बदलता येत नाही, मग उपचार कसला?

बोटुलिनम विषाची इंजेक्शनं. जास्त ओढणाऱ्या स्नायूत ती थोड्या मात्रेत दिली जातात, काही दिवसांत ते स्नायू सैलावतात आणि साधारण तीन महिने आराम पडतो. मग पुन्हा. मानेत दिल्यावर काही दिवस गिळायला जड जाऊ शकतं, पापण्यांत दिल्यावर पापणी थोडी उतरू शकते. हे हळूहळू ओसरतं. जनुक कोणतं याने इंजेक्शनात फरक पडत नाही. बोटुलिनम पुरेसं ठरत नसेल तर मेंदूत बारीक तार बसवण्याची शस्त्रक्रिया आहे. तिथे जनुक माहीत असण्याचा उपयोग होतो, कारण टॉर-वन-एच्या रुग्णांना तिचा फायदा चांगला होतो आणि थॅप-वनच्या रुग्णांत निकाल कमी-जास्त येतात.

खिन्नता आणि घाबरेपणा या आजारासोबत फार वेळा येतो, आणि तो नुसता "लोक काय म्हणतील" यातून येत नाही, मेंदूतल्या त्याच बिघाडाचा तो भाग असू शकतो. त्यावरही औषध मागा. बाबा सहा महिने भंडाऱ्याच्या पंगतीला गेले नव्हते. आम्ही तो रुसवा समजलो होतो.

दवाखान्यात जाताना काय न्यावं?

एक कागद. त्यावर तीन पिढ्या काढा: आजी-आजोबा, त्यांची सगळी मुलं, त्यांची मुलं. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, लग्नाला आडवी रेघ, आणि ज्यांना त्रास आहे त्यांची खूण काळी भरा. प्रत्येकापुढे लिहा: मान, डोळे, आवाज, हाताचा कंप, लिहिताना हात आखडणं, कुठल्या वयात. "म्हातारपणाने डोकं हलत होतं" असं ज्यांच्याबद्दल सांगितलं जातं त्यांना विसरू नका. माझ्या आजीबद्दल मोठी आई हे सहज बोलून गेली, भाकरी थापता थापता, आणि त्या एका वाक्याने आमच्या कागदावरची तिसरी खूण काळी झाली.

मोबाइलवर तीन छोटे व्हिडिओ घ्या: स्वस्थ बसलेलं, चालताना, आणि ज्या कामात त्रास वाढतो ते करताना. हनुवटीला बोट लावून आणि न लावता, दोन्ही. डॉक्टरांपुढे बसल्यावर मान नेमकी तेव्हाच बरी वागते.

तुमचे बाबा आता कसे आहेत?

कॅलेंडरवर ते इंजेक्शनच्या तारखेला निळी फुली मारतात. दर साडेतीन महिन्यांनी नागपूर. शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत मान पुन्हा ओढू लागते, तेव्हा मोटारसायकल माझा भाऊ चालवतो. यंदा पोळ्याला त्यांनी स्वतः बैलांच्या शिंगांना रंग लावला. डाव्या बैलाचं शिंग रंगवताना त्यांना उलट्या बाजूला जाऊन उभं राहावं लागलं, एवढंच. आत्याही आता इंजेक्शन घेते. रस्ता ओलांडताना अजून माझा हात धरते, पण तांदूळ गप्प बसून निवडते.